दोन तिकिटांच्या मधली रात्र

मुंबईत येणाऱ्या आणि मुंबईहून सुटणाऱ्या लांब पल्ल्याच्या गाड्यांचा कारभार पाहणाऱ्या सर्व अधिकाऱ्यांस,

सविनय नमस्कार.

मी मुंबईतल्या एका टर्मिनसपासून चालत पंधरा मिनिटांवर राहते. सासर-माहेर दोन्ही सिंधुदुर्गात, दीर नागपूरला, नणंद भोपाळला. त्यामुळे गेली २८ वर्षं आमच्या घराला रेल्वेचं वेळापत्रक लागू आहे. रात्री उशिरा बेल वाजली की कुणाची तरी गाडी रखडली किंवा चुकली, हे आम्हाला न विचारता कळतं. बाहेरच्या खोलीत दोन गाद्या कायम गुंडाळून ठेवलेल्या असतात. इतक्या वर्षांत मी कधी तक्रार केली नाही, कारण जो आमच्या दारापर्यंत पोचला त्याची रात्र निभावली. हे पत्र लिहिते आहे ते माझी आत्या आमच्या दारापर्यंत पोचली नाही म्हणून.

आत्या ७१ वर्षांची आहे. काशीहून परतत होती, सोबत बारावीतला नातू. उत्तरेकडून येणारी गाडी रात्री साडेनऊला पोचायची आणि मध्यरात्रीनंतरच्या गाडीनं कोकणात जायचं, असा बेत होता. मध्ये अडीच तास होते. तिकिटं काढणाऱ्या पुतण्याला ते पुष्कळ वाटले. गाडी वाटेत कुठं कुठं थांबत आली आणि टर्मिनसला लागली तेव्हा रात्रीचा १ वाजून २० मिनिटं झाली होती. कोकणची गाडी निघून तासाहून अधिक वेळ झाला होता. दोघं सामान ओढत वेटिंग रूमपर्यंत गेली. दारावरच्या माणसानं तिकीट मागितलं. आत्यानं दोन्ही तिकिटं दाखवली. तो म्हणाला, “आजी, हे तिकीट इथं संपलं. आणि ही गाडी तर गेली. आत बसायला चालू तिकीट लागतं.”

तो माणूस उद्धटपणे बोलला नाही, असं आत्या आवर्जून सांगते. त्याला जे शिकवलं होतं तेच तो म्हणाला. पण त्याच्या त्या दोन वाक्यांवर मी महिनाभर विचार करते आहे. काशीपासून मुंबईपर्यंतचे पैसे भरलेली, मुंबईपासून कुडाळपर्यंतचेही पैसे भरलेली एक म्हातारी बाई मधल्या त्या तीन तासांपुरती कुणाचीच प्रवासी नव्हती. रेल्वेच्या हिशेबी तिचा एक प्रवास पुरा झाला होता आणि दुसरा तिनं केला नव्हता. खिशात दोन तिकिटं असून ती बिनतिकिटाची ठरली.

ती रात्र तिनं फलाटावर पिशवीवर बसून काढली. नातू उभ्यानं पेंगत होता. मला फोन सकाळी सहाला आला, तोही चालत्या गाडीतून. जनरलच्या डब्यात दाराशी उभी होती. मी रडकुंडीला येऊन विचारलं, अगं पंधरा मिनिटांवर घर होतं, फोन का नाही केलास? तर म्हणाली, “इतक्या रातीचा तुका कित्याक उठवचा गो?” रत्नागिरीपर्यंत तिला बसायला जागा मिळाली नाही. दुसऱ्या तिकिटाचे पैसे गेले ते गेलेच.

आता मुद्द्यावर येते.

पैसे जायला नको होते. १ एप्रिल २०१९ पासून रेल्वेनं अशी सोय केली आहे की जोडप्रवासाची दोन तिकिटं, म्हणजे दोन पीएनआर, एकमेकांना जोडून घेता येतात. पहिली गाडी उशिरा आल्यामुळे दुसरी चुकली तर दुसऱ्या तिकिटाचे पैसे रद्द करण्याचा आकार न कापता परत मिळतात. दोन्ही तिकिटांवर प्रवाशांचा तपशील सारखा हवा. पहिली गाडी जिथं सोडते तिथूनच, किंवा रेल्वेनं त्याच गटात धरलेल्या स्थानकातून, दुसरी पकडायची असायला हवी. हा नियम चांगला आहे. तो करणाऱ्यांचे मी मनापासून आभार मानते. पण आमच्या इमारतीत चोवीस बिऱ्हाडं आहेत, त्यातली निम्मी कोकणातली. मी दारोदार विचारून आले. हा नियम एकालाही माहीत नव्हता. दर गणपतीला, दर मे महिन्यात तिकिटं काढणारी ही माणसं आहेत. पहिल्या तिकिटाचं शेवटचं स्थानक आणि दुसऱ्याचं पहिलं स्थानक एकच आहे, नावं तीच आहेत, तारीख लागून आहे, हे संगणकाला दिसतंच. मग त्यानंच विचारावं, की हे दोन प्रवास जोडायचे का? खिडकीवरच्या बुकिंग क्लार्कनंही तेवढं एक वाक्य विचारावं. आज ही सोय शोधणाऱ्यालाच सापडते, आणि शोधायला ती आहे हे आधी ठाऊक असावं लागतं.

त्यात परताव्यासाठी मुदत आहे ती पहिली गाडी प्रत्यक्ष पोचल्यापासून ३ तासांची. दुपारी २ वाजता पोचलेल्या माणसाला ती पुरते. रात्री १ वाजून २० मिनिटांनी पोचलेल्या बाईची मुदत पहाटे ४ वाजून २० मिनिटांना संपते. त्या वेळात तिनं खिडकी शोधायची, किंवा मोबाइलवर टीडीआर, म्हणजे परतावा मागायचा अर्ज, भरायचा. टीडीआर हा शब्दच तिनं कधी ऐकलेला नाही. रात्री ११ ते पहाटे ५ या वेळात पोचणाऱ्यांसाठी ही मुदत सकाळी दहापर्यंत धरली तर कुणाचं काय बिघडेल?

पण खरं सांगायचं तर पैसे हा त्या रात्रीचा लहान भाग आहे. परतावा मिळाला तरी आत्याला घरी पोचायचंच होतं. ऐन सुट्टीच्या दिवसांत दुसऱ्या दिवशीचं कोकणचं आरक्षण कुणाला मिळालं आहे? माझी विनंती आहे की जोडलेल्या तिकिटावरचा प्रवासी रेल्वेच्याच उशिरामुळे अडकला तर त्याला पैसे आणि पुढच्या गाडीत जागा यांतलं एक निवडू द्यावं. तातडीच्या कारणांसाठी तुमच्याकडे राखीव कोटा असतो. त्यातल्या चार-सहा जागा या कारणासाठी धरता येतील. अडलेल्या रुग्णाला, सरकारी कामावर निघालेल्याला तुम्ही त्यातून जागा देता, ते योग्यच आहे. मग तुमच्याच गाडीनं उशिरा आणून सोडलेल्या माणसाची निकड त्या यादीत बसायला हवी. जागा नसेल तर निदान स्टेशन मास्तरांनी तिकिटावर शेरा मारून द्यावा, म्हणजे पुढच्या गाडीतला टीसी त्याच्याकडं विनातिकीट म्हणून पाहणार नाही. पूर्वी लांबच्या तिकिटावर मध्ये उतरून ‘ब्रेक जर्नी’ करायची असली की माझे सासरे स्टेशन मास्तरांकडून तसा शेरा घ्यायचे. एक सही आणि शिक्का असे. ते तिकीट ते पाकिटात फार जपून ठेवत.

आणखी एक गोष्ट, जी मुंबईतला अनुभवी प्रवासी करतो आणि बाहेरच्याला सुचत नाही. दादर किंवा सीएसएमटीहून सुटणाऱ्या कोकणच्या गाड्या ठाण्याला आणि पनवेललाही थांबतात. उत्तरेकडून किंवा नागपूरकडून येणारी गाडी कल्याणला पोचेपर्यंत उशीर झालेला असतो, पण अजून सगळं हातचं गेलेलं नसतं. कल्याणला उतरून लोकलनं ठाणं गाठलं, किंवा ठाण्याहून ट्रान्स हार्बर लोकलनं पनवेल गाठलं, तर गाडी सापडते. मी स्वतः दोनदा अशी पकडली आहे. अडचण एवढीच की तिकिटावर बोर्डिंग, म्हणजे चढायचं स्थानक, दादरचं असतं. प्रवासी दादरला चढला नाही म्हणून टीसीनं ती बर्थ आरएसीवाल्याला, म्हणजे पूर्ण बर्थची वाट पाहणाऱ्याला, दिली, तर तो नियमानंच वागला. जोडलेल्या तिकिटांना ही एक मुभा द्या. पहिली गाडी ठरावीक वेळेपेक्षा जास्त उशिरा धावते आहे हे तुमच्या यंत्रणेला दिसत असतं. त्या क्षणी प्रवाशाच्या मोबाइलवर निरोप जावा, की तुमची पुढची गाडी ठाण्याहून अमुक वाजता, पनवेलहून अमुक वाजता आहे, जागा राखून ठेवतो आहोत, कल्याणला उतरा. आत्याला असा निरोप आला असता तर तिच्या नातवानं तो वाचून तिला कल्याणला उतरवलं असतं. मोबाइल त्याच्या हातातच होता, सबंध प्रवासभर.

उशीर का होतो, हे मला थोडंफार कळतं. गाडी एकदा आपल्या वेळेतून घसरली की तिचा ठरलेला मार्ग दुसऱ्या गाडीला गेलेला असतो. कल्याणच्या पुढं लोकलच्या गर्दीत तिला वाट मिळेपर्यंत उभं राहावं लागतं. ठाणे ते दिवा पाचवी-सहावी मार्गिका २०२२ साली सुरू झाली, त्याचा फायदा झाला. पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत ती अजून व्हायची आहे. कोकणात पावसाळ्यात गाड्या मुद्दाम हळू चालवतात, त्यासाठी वेगळं वेळापत्रक असतं, आणि ते असायलाच हवं. दरड कोसळलेल्या वळणावर वेगानं गेलेली गाडी कुणालाही नको आहे. त्यामुळे माझं म्हणणं ‘गाड्या वेळेवर चालवा’ एवढंच नाही.

माझं म्हणणं मोजण्याबद्दल आहे. तुम्ही गाडीचा वक्तशीरपणा मोजता तो ती शेवटच्या स्थानकाला किती वाजता लागली यावरून. वेळापत्रकात शेवटच्या टप्प्यात थोडी सैल वेळ ठेवलेली असते, त्यामुळे कल्याणला चाळीस मिनिटं उशिरा आलेली गाडी टर्मिनसला जवळजवळ वेळेवर लागते आणि कागदावर ती वक्तशीर ठरते. ज्याला कल्याणला उतरून दुसरी गाडी पकडायची होती त्याची गाडी मात्र गेलेली असते. या चुकलेल्या गाड्यांची कुठं नोंद होते का? किती माणसांची पुढची गाडी चुकली, ती माणसं रात्रभर कुठं होती, हे कुणाच्या टेबलावरच्या कागदात येतं का? दोन्ही पीएनआर तुमच्याचकडे आहेत. महिन्याकाठी हा आकडा काढून स्थानकावर लावा. मग कुठल्या दोन गाड्यांची जोडी मुळातच जमत नाही हे तुम्हालाही दिसेल आणि तिकीट काढणाऱ्यालाही.

आता मुंबईच्या रात्रीबद्दल.

बाहेरून येणाऱ्याला वाटतं, मुंबई झोपत नाही, काहीतरी मिळेलच. मध्यरात्रीनंतर तास-दीड तासात शेवटच्या लोकल निघून जातात आणि पहाटे चारच्या सुमारास पहिल्या सुरू होतात. मेट्रो त्याच्याही आधी बंद होते. ऑक्टोबर २०२५ मध्ये मेट्रो ३ कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि सीएसएमटी, मुंबई सेंट्रल, दादर एका मार्गावर आली, याचा मला फार आनंद झाला होता. पण रात्री साडेदहानंतर तिचा उपयोग नाही. उरते टॅक्सी. मध्यरात्री ते पहाटे पाच या वेळात मीटरच्या वर २५ टक्के जास्त द्यावे लागतात, तेही टॅक्सीवाला मीटरनं यायला तयार असेल तर. आणि जायचं तरी कुठं, हेच पुष्कळांना कळत नाही. तिकिटावर मुंबई म्हणजे सीएसएमटी, दादर, लोकमान्य टिळक टर्मिनस, मुंबई सेंट्रल, वांद्रे टर्मिनस यांपैकी काहीही असू शकतं. मुंबई सेंट्रल हे मध्य रेल्वेचं नाही, पश्चिम रेल्वेचं स्थानक आहे, हे इथं जन्मलेल्यांना ठाऊक असतं. बिलासपूरहून आलेल्या माणसाला नावावरून उलटंच वाटणार. दादरला डिसेंबर २०२३ मध्ये दोन्ही रेल्वेच्या फलाटांना १ ते १४ असे सलग क्रमांक दिले. तेवढ्या एका बदलानं किती जणांची धावपळ वाचली ते मी पाहते आहे. रेल्वे दोन असल्या तरी प्रवासी एकच आहे, हे त्या आकड्यांनी मान्य केलं.

तारखेचं तर बोलायलाच हवं. दादरहून सावंतवाडीला जाणारी तुतारी एक्सप्रेस रात्री ००:०५ वाजता सुटते. १२ तारखेचं तिकीट असलेल्या माणसानं ११ तारखेला रात्री जेवून घरातून निघायचं असतं. आमच्या ओळखीत तीन कुटुंबं १२ तारखेच्या रात्री साडेअकराला फलाटावर जाऊन उभी राहिली आहेत. गाडी आदल्या रात्रीच गेली होती. तिकिटावर ‘११ तारखेच्या रात्री, बारा वाजून पाच मिनिटांनी’ असं एक वाक्य मराठीत छापलं, किंवा आदल्या संध्याकाळी ‘तुमची गाडी आज रात्री आहे’ असा निरोप पाठवला, तर हे थांबेल.

रात्रीच्या चार तासांत रुळांची, तारांची दुरुस्ती होते, म्हणून रोज रात्रभर लोकल चालवता येत नाहीत, हे मला मान्य आहे. पण ६ डिसेंबरच्या आदल्या रात्री चैत्यभूमीला येणाऱ्यांसाठी रेल्वे मध्यरात्रीनंतर विशेष लोकल चालवते. अनंत चतुर्दशीच्या रात्री चालवते, ३१ डिसेंबरला चालवते. त्या रात्री मुंबईच्या स्थानकांवर मी मदत कक्ष पाहिले आहेत, पाणी पाहिलं आहे, वाट दाखवणारे कर्मचारी पाहिले आहेत. दूरवरच्या खेड्यातून आलेली म्हातारी माणसंही त्या रात्री हरवत नाहीत. हे करण्याची ताकद आणि मन दोन्ही तुमच्याकडं आहे, हे मी डोळ्यांनी पाहिलेलं आहे. म्हणूनच मागते आहे. रोज लोकल नको. मध्यरात्रीनंतर दोन-तीन गाड्या एकदम उशिरा आल्या तर बेस्टशी बोलून टर्मिनसांना जोडणारी एक बस फिरती ठेवता येईल. आणि वेटिंग रूमच्या दाराशी एक साधा नियम लिहून लावावा: आज उशिरा आलेल्या गाडीचं तिकीट आणि पुढच्या प्रवासाचं तिकीट, मग ती पुढची गाडी गेलेली असली तरी, दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत चालू तिकीट समजावं. याला एक पैसाही खर्च नाही.

पैसे देऊन राहायची सोय आहे, हे कुणी मला सांगेल. आहे. मुंबई सेंट्रलला नोव्हेंबर २०२१ मध्ये ४८ पॉडचं, म्हणजे झोपण्यापुरत्या छोट्या कप्प्यांचं, हॉटेल सुरू झालं, तेव्हा १२ तासांना ९९९ रुपये दर होता. ज्याला परवडतं त्याच्यासाठी ते उत्तम आहे. रिटायरिंग रूमही आहेत, पण त्या बहुधा आधी पीएनआर टाकून आरक्षित कराव्या लागतात आणि गाडी चुकणार हे आधी कुणाला माहीत असतं? रिटायरिंग रूममधल्या थोड्या खाटा रात्री अकरानंतर फक्त गाडी चुकलेल्यांसाठी ठेवता आल्या तर पाहा.

मला ज्यांच्यासाठी हे सगळं सर्वांत जास्त हवं आहे ते परळच्या टाटा रुग्णालयात येणारे लोक आहेत. १९४१ पासून देशभरातून माणसं तिथं येतात. बिहार, बंगाल, आसाम, आपल्याकडचं गडचिरोली. त्यांच्या हातात एक पिशवी असते आणि पिशवीत फाइल. कपड्यांची बॅग ते खाली ठेवतात, ती पिशवी ठेवत नाहीत. त्यांतले कित्येक दोन-दोन गाड्या बदलून आलेले असतात. मागच्या हिवाळ्यात एक बाप आणि त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा मला फलाटावर भेटले. मुलाच्या तोंडाला मास्क होता, डोक्यावर केस नव्हते. परतीची गाडी चुकली होती. त्यांना मी घरी नेलं. मुलाला गर्दीत, धुळीत बसवायचं नाही असं डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि बापानं तासभर त्याला फलाटाच्या टोकाला, जिथं माणसं नव्हती तिथं, अंधारात कडेवर घेऊन ठेवलं होतं. कर्करुग्णांना रेल्वे भाड्यात सवलत देते, सोबत जाणाऱ्यालाही देते. सवलतीचं तिकीट म्हटल्यावर तो रुग्ण आहे हे तुमच्या यंत्रणेत नोंदलेलं असतं. अशा पीएनआरची पुढची गाडी चुकते आहे हे कळल्यावर फलाटावर कुणीतरी त्याचं नाव घेऊन शोधायला यावं. एवढी एकच मागणी मान्य करायची असेल तर ही करा. बाकीचं नंतर पाहू.

१३९ वर फोन केला तर उत्तर मिळतं, हेही मी सांगायला हवं. मी स्वतः त्या नंबरवर मदत घेतलेली आहे. पण रात्री दीड वाजता, अनोळखी फलाटावर, बॅटरी उतरलेल्या मोबाइलसह, माणूस आधी अंगावर गणवेश असलेला माणूस शोधतो. त्या वेळी तिथं तो दिसला पाहिजे, आणि ‘पुढची गाडी चुकलेल्या प्रवाशांनी अमुक फलाटावर यावं’ ही अनाउन्समेंट मराठी आणि हिंदीत व्हायला पाहिजे. उशिरा आलेल्या प्रत्येक गाडीला, ती फलाटाला लागताना.

आत्या येत्या मे महिन्यात पुन्हा येते आहे, या वेळी नागपूरला जायला. तिकिटं मी काढली आहेत. मध्ये सहा तास ठेवले आहेत आणि दोन्ही पीएनआर जोडून घेतले आहेत. तिला एका कागदावर माझा नंबर मोठ्या अक्षरांत लिहून दिला आहे आणि कितीही वाजले तरी फोन करायचा, अशी शपथ घातली आहे. तरीही त्या रात्री मी टर्मिनसवर असणार आहे. तुमच्यापैकी कुणाला रात्री दीड ते चार या वेळात फलाटावर कोण कोण बसलेलं असतं हे पाहायचं असेल, तर मे महिन्याची वाट पाहायला नको. कुठल्याही रात्री कळवा, मी सोबत येईन.

आपली,
टर्मिनसजवळ राहणारी एक मुंबईकर